पाय लागला म्हणून

सिंगापूरमध्ये राहून मला थंडीचा तिटकारा आला, असं सांगितलं की पुण्यातले नातेवाईक हसतात. त्यांनी खुशाल हसावं. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना पिशवीत शाल, स्वेटर आणि पायमोजे कोंबायचे, मॉलच्या वरच्या मजल्यावर जायचं आणि तिथे गारठलेल्या बाकावर शनिवार-रविवार कुडकुडत बसायचं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. काचेच्या पलीकडे बर्फ. बर्फावर माझी मुलगी. आणि काचेच्या अलीकडे बाकीच्या मुलांचे आईबाप, ज्यांच्यापैकी एकाशीही माझं धड जमलं नाही.

आम्ही बेडोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. नवरा मरीन इंजिनिअर, त्यामुळे वर्षातले बरेच महिने तो समुद्रात आणि मी मुलीला घेऊन जमिनीवर. बर्फाचा रिंक जुरोंग ईस्टला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. टीममधली इतर मुलं गाड्यांतून यायची, त्यांच्या बॅगा ड्रायव्हर नाहीतर घरकामाची बाई उचलायची. आम्ही मायलेकी आमच्या बॅगेचं ते अजस्र धूड ओढत एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, चढायचो आणि दाराजवळची सगळी जागा अडवून उभ्या राहायचो. लोक आधी बॅगेकडे बघायचे, मग मुलीकडे आणि शेवटी माझ्याकडे, आणि त्या शेवटच्या बघण्यात मला कायम एक टोमणा दिसायचा. नसेलही, पण मला दिसायचा.

हे खूळ आलं एका वाढदिवसातून. वर्गातल्या कोणाचा तरी वाढदिवस रिंकवर होता. मुलगी तेव्हा प्रायमरी फाइव्हमध्ये, म्हणजे पाचवीत. तिथे हॉकी क्लबच्या कोचने मुलांना थोडा वेळ खेळायला दिलं. गोलकीपर कोणालाच व्हायचं नव्हतं, कारण गोलकीपर गोल मारत नाही, नुसते खातो. आमची उभी राहिली. रबराची ती काळी जड चकती, जिला पक म्हणतात, अंगावर सुसाट येते आणि कोणाचंही अंग आपोआप मागे सरतं. हिचं सरलं नाही. ही लहानपणापासून अशीच. कितीही ओरडा, जागची हलत नाही. घरात आम्ही त्याला ढिम्मपणा म्हणायचो, तिथे त्याचं कौतुक झालं. क्लबने पॅड आणि मुखवटा वापरायला दिला आणि मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, मला हेच करायचंय." नाच, चित्रकला, पोहणं, सगळं मी तिच्या गळ्यात बांधलं होतं आणि सगळं तिने मुकाट्याने सोडलं होतं. स्वतःहून तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी काय नाही म्हणणार.

तर सीझन. आमच्या क्लबची ज्युनिअर टीम, सिंगापूरचाच आणखी एक क्लब, क्वालालंपूरचा एक आणि बँकॉकचा एक, अशी ती चिमुकली लीग होती. उकाड्यात जन्मलेली मुलं बर्फावर एकमेकांना धडका द्यायची आणि आईबाप काच बडवून घसा फोडायचे. कधी ते लोक इकडे येणार, कधी आपण तिकडे जाणार, आणि शेवटची स्पर्धा क्वालालंपूरला. त्या स्पर्धेत गोलमध्ये उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट मुलीच्या डोक्यात होती. अभ्यासाच्या टेबलावर तिने क्वालालंपूरच्या रिंकचा फोटो चिकटवला होता. सरावाहून आलं की ओले पॅड मी कॉरिडॉरमध्ये वाळत टाकायचे. त्यांचा वास इतका भयानक असायचा की शेजारची म्हातारी चिनी आंटी दार उघडायची, माझ्याकडे बघायची आणि दार लावून घ्यायची. तिचं काही चुकत नव्हतं.

आता त्या बाईकडे वळते, कारण वळल्याशिवाय इलाज नाही. टीमची मॅनेजर. प्रत्येक टीमला एक मॅनेजर असते, कोणाची तरी आईच, जी जर्सी मागवते, बस ठरवते आणि ग्रुपवर मेसेज टाकते. आमची मॅनेजरबाई बुओना व्हिस्टाच्या एका काँडोत, म्हणजे पोहण्याच्या तलावासकट महागड्या सोसायटीत, राहायची, नवरा आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आणि मुलगा आमच्या टीमचा सगळ्यात तेज खेळाडू. बाई पुण्याची. तीसुद्धा कोथरूडची. तिच्या माहेरच्या आणि माझ्या माहेरच्या घरात फार तर दोन रिक्षा स्टँडचं अंतर असेल. पहिल्या दिवशी तिचं आडनाव ऐकून मला इतका आनंद झाला की मी तोंडभर मराठीत बोलले. तिने इंग्रजीत उत्तर दिलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा मराठीत बोलले, ती पुन्हा इंग्रजीत. तिसऱ्यांदा मी प्रयत्न केला नाही. मला अक्कल आहे.

काँडोतल्या तिच्या घरी गणपतीला गेलं की बाई अस्सल मराठी. "अहो, घ्या ना आणखी एक मोदक," वगैरे. रिंकवर मात्र ती त्या ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन आयांच्या घोळक्यात उभी असायची, हातात कॉफीचा मोठा मग, आणि माझ्याकडे असं हसायची जसं शाळेच्या बसमधल्या अटेंडंटकडे हसतात. कामाला वाघ होती, हे मान्य केलं पाहिजे. पण कामाला वाघ असलेल्या माणसांचा मला तसाही त्रासच होतो.

सीझनच्या मध्यावर क्वालालंपूरची टीम आमच्याकडे आली आणि तो प्रकार घडला.

सामना अगदी शेवटाला आला होता आणि बरोबरी होती. मुलगी सुंदर खेळत होती, माझीच म्हणून सांगत नाही. त्यांचा एक पोरगा पक घेऊन सरळ तिच्या अंगावर आला, घसरला आणि गोलसमोर आडवा झाला. मुलीने गुडघे टेकून दोन्ही पाय पसरले होते, गोलकीपर तसेच खाली बसतात. तिचा पॅड बांधलेला पाय त्या पोराच्या हेल्मेटला जाऊन लागला. जोरात नाही, सरकत येऊन टेकला. पक तिने अडवला, तो बाजूला गेला, आणि मग तिने ते केलं. काठी धरायच्या हातात गोलकीपर एक मोठा चौकोनी फळीसारखा ग्लोव्ह घालतात. तो हात तिने उचलला, त्या पोराच्या हेल्मेटला टेकवला आणि परत आपल्या छातीला लावला.

मला काचेमागून लख्ख दिसलं. कोणाला पाय लागला की त्या माणसाला हात लावून नमस्कार करायचा, हे तिला चालायला शिकल्यापासून शिकवलेलं. मी शिकवलं, माझ्या सासूबाईंनी शिकवलं, वहीला पाय लागला तरी, दारातल्या पाहुण्याला लागला तरी. ती तो विचार करून करतच नाही. शिंक येते तसा तो हात जातो. ते सगळं इतक्या चटकन झालं की मला क्षणभर हसूच आलं, की बघा, बर्फावरसुद्धा विसरली नाही कार्टी.

रेफ्रीने शिट्टी मारली. त्याला काय दिसलं, तर पडलेल्या पोराच्या डोक्यावर गोलकीपरने फळी हाणली. दोन मिनिटांची शिक्षा. आता या खेळात एक गंमत आहे. गोलकीपरने आगळीक केली तर शिक्षेच्या बाकावर गोलकीपर बसत नाही, तिच्या वतीने टीममधला दुसरा कोणी तरी बसतो. कोचने घाईत जवळ असलेल्याला पाठवलं, आणि जवळ होता मॅनेजरबाईंचा मुलगा. आमचा सगळ्यात तेज खेळाडू माझ्या मुलीच्या नावाने बाकावर बसला, बर्फावर आमचं एक पोर कमी झालं, आणि तेवढ्यात त्यांनी गोल मारला. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर कोचने मला बाजूला बोलावलं. कोच कॅनडाकडचा, तरुण, गालांवर कायम लाली. मुलगी बाजूला उभी, मुखवटा हातात, केस घामाने चिकटलेले. तो म्हणाला, पडलेल्या मुलाला मारणं आम्ही खपवून घेत नाही. मी म्हटलं, तिने मारलं नाही. तो म्हणाला, सगळ्यांनी बघितलं. मग मी त्याला समजावून सांगायला गेले. माझं इंग्रजी वाईट नाही, पुण्यात मी बँकेत नोकरी केलेली आहे, पण रागात माझी भाषा कोणतीही असली तरी तिचं भजं होतं. मी म्हटलं, आधी तिचा पाय त्याच्या डोक्याला लागला. कोच म्हणाला, म्हणजे आधी तिने लाथ पण मारली? मी म्हटलं, लाथ नाही, पाय लागला, आणि पाय लागला म्हणून तिने हात लावला. तो म्हणाला, म्हणजे लाथ मारली आणि मग हाताने मारलं. मी म्हटलं, मान देण्यासाठी. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू विचारत होता, घरात ही बाई मुलांना मान देते तेव्हा काय करत असेल.

तेवढ्यात मला मॅनेजरबाई दिसली. मला इतकं हायसं वाटलं. मी तिला हाक मारली आणि कोचला म्हटलं, हिला विचारा, ही आमच्याकडचीच आहे, ही सांगेल. मागे तीन-चार आया थांबल्या. मी तिला मराठीत म्हटलं, "अहो, पाय लागला म्हणून नमस्कार केला हो तिने, एवढं सांगा ना याला."

तिने कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला आणि कोचला इंग्रजीत सांगितलं की मला खरंच काही कल्पना नाही. आमच्याकडे असं काही करत नाहीत.

आमच्याकडे असं काही करत नाहीत! हिच्याच घरी गणपतीला मी सतरंजीवर बसले होते, हिचा मुलगा पळत जाताना माझ्या गुडघ्याला पाय लावून गेला, आणि या बाईने त्याला आतल्या खोलीतून परत बोलावून आणलं होतं. "काकूंना पाय लागला ना? नमस्कार कर आधी." त्याने केला, आणि मी त्याला म्हटलं होतं, राहू दे रे बाळा. तीच ही बाई आज कानावर हात ठेवून उभी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तिथेच त्या गणपतीची आठवण करून द्यावी असं फार वाटलं, पण मुलगी माझा हात ओढत होती. "आई, कॅन वी गो? प्लीज लाह." तिथल्या शाळेतून उचललेला तो लाह.

मी गेले नाही. मुलीला कपडे बदलायला पाठवलं आणि बाईला जिन्याजवळ गाठलं. विचारलं, "खोटं का बोललात?" आजूबाजूला कोणी नव्हतं, तेव्हा तिला मराठी आलं. ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, तुम्ही हे सगळं इथे आणू नका. इतकी वर्षं लागली मला इथे या लोकांत मिसळायला. उद्या माझ्या मुलाला पण विचारतील, तू पण लोकांच्या पाया पडतोस का म्हणून. त्याला यांच्याबरोबरच राहायचंय." मी म्हटलं, "आणि माझ्या मुलीने मारकुटी म्हणून राहायचं?" ती म्हणाली, "दोन मिनिटांची पेनल्टी आहे हो ती. विसरतील." आणि गेली. चप्पल हातात घ्यावी अशी इच्छा आयुष्यात फार कमी वेळा झाली, त्यातली ती एक.

कोणी विसरलं नाही. ग्रुपवर मेसेज आला, टीमची मूल्यं वगैरे, नाव कोणाचं नाही पण सगळ्यांना कळेल असा. क्लबने ठरवलं की पुढचे सामने मुलगी खेळणार नाही, आणि क्वालालंपूरच्या स्पर्धेत खेळायचं असेल तर तिथे त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागावी लागेल. पडलेल्या मुलाला मारल्याबद्दल.

मी मुलीला सांगितलं, माफी मागायची नाही. मेलं तरी नाही. तू काही केलेलं नाहीस. चूक नसताना वाकायचं, हे आपल्या घरात चालत नाही. ती ऐकून घेत होती. नवऱ्याचा फोन आला, कुठल्या तरी बंदरातून, मध्येमध्ये तुटत. मी त्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, सॉरी म्हणायला काय जातं?" मी फोन मुलीच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली. समुद्रावर राहून माणसाचा स्वभाव निवळतो म्हणतात, मला तर वाटतं माणूस तिथे सगळ्यालाच जाऊ दे म्हणायला शिकतो.

पुढचे सामने आम्ही बाकावरून बघितले. मी जाऊ नको म्हटलं, पण मुलगी म्हणाली, गेलं नाही तर काढून टाकतील. म्हणून बेडोक ते जुरोंग ईस्ट, तीच वारेमाप मोठी बॅग, आत न वापरायचे पॅड. गोलमध्ये दुसऱ्या एका पोराला उभं केलं होतं. तो पक आला की डोळे मिटायचा, मला काचेतून दिसायचं. बँकॉकवाल्यांनी त्याला धुऊन काढलं. दुसऱ्या सिंगापूर क्लबनेही धुतलं. प्रत्येक गोल झाला की मला बरं वाटायचं, हे मी लपवत नाही. बाकीच्या आया माझ्यापासून एक जागा सोडून बसायच्या. एकीने तर एकदा आपल्या मुलाला माझ्या मुलीच्या शेजारून उठवून पलीकडे बसवलं. माझ्या मुलीने तिकडे बघितलं नाही. ती समोर बघत होती, पक कुठे जातो ते, आणि तिचे गुडघे मांडीवरच्या शालीखाली इकडून तिकडे हलत होते.

हरून हरून क्लबची मूल्यं थोडी मऊ झाली. कोच स्वतः येऊन म्हणाला, तिला क्वालालंपूरला आणाच, एक छोटं सॉरी, बाकी काही नाही. मी म्हटलं, तुम्ही त्या मुलाला विचारलं का, त्याला लागलं का म्हणून? तो म्हणाला, त्याची गरज नाही, रेफ्रीने बघितलं होतं. मी पुन्हा पायाचं सांगायला तोंड उघडलं तर त्याच्या चेहऱ्यावर असा काही कंटाळा आला की मी मिटलं.

क्वालालंपूरला आम्ही बसने गेलो, सगळी टीम आणि आईबाप. मी मुलीला पुन्हा विचारलं, नक्की काय करणारेस? ती म्हणाली, "खेळणार." त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला, की ती त्यांच्या तोंडावर सांगणार आहे, मी मारलं नाही. आपल्या रक्ताची आहे, असंच करेल असं वाटलं. बसभर मी त्याच तयारीत होते. कोण काय बोललं की आपण काय बोलायचं, सगळं मनात मांडून ठेवलं होतं.

तिथलाही रिंक मॉलमध्येच, तसाच गार. सामन्याआधी दोन्ही टीम बर्फाच्या कडेला उभ्या केल्या. कोचने मुलीला पुढे बोलावलं आणि त्या पोरालाही. पोरगा चिनी मलेशियन, माझ्या मुलीपेक्षा बोटभर बुटका, एक दात पडलेला. आईबाप कठड्याजवळ जमले. मॅनेजरबाईने ग्रुपवर टाकायला फोन वर धरला होता. मी मागून लोकांना सारत पुढे गेले.

मुलीने मुखवटा डोक्यावर सरकवला आणि स्पष्ट, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात म्हणाली, "आय ॲम सॉरी आय हिट यू."

मारलं म्हणाली. स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

त्या पोराने कोचकडे बघितलं, मग हिच्याकडे. "हिट? व्हेअर गॉट हिट?" तो म्हणाला. "यू ओन्ली टच मी लाह. आय थॉट यू चेकिंग आय ओके ऑर नॉट." मारलं कुठे, तू नुसता हात लावलास, मला वाटलं मी ठीक आहे का ते बघतेस.

तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. ज्याला मारलं म्हणत होते तोच सांगत होता, आणि इतक्या आठवड्यांत त्याला एका माणसाने विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता काही तरी होईल. कोणी तरी खाली बघेल, कोणी तरी एक शब्द बोलेल. कोच म्हणाला, "ग्रेट, गुड, शेक हँड्स," आणि शिट्टी वाजवली. पोरं हातमोजे आपटून आपापल्या जागी गेली. एका आईने टाळी वाजवली, मग इतरांनीही, आणि कोणी तरी म्हणालं, ब्रेव्ह गर्ल.

मी मॅनेजरबाईकडे वळले. मराठीतच, मोठ्याने म्हटलं, "ऐकलंत? ऐकलंत ना तुम्ही?" तिने फोन पर्समध्ये टाकला. पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत ती मराठीत बोलली. "झालं ना आता? खेळतेय ना ती?" तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, त्यानेच मी जास्त भडकले. मी म्हटलं, "तुमच्या एका वाक्याने हे झालंच नसतं." ती वळली आणि त्या आयांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

मुलगी मात्र खेळली. त्या दिवशी ती कशी खेळली हे मला सांगता येणार नाही, कारण निम्मा वेळ माझे डोळे रागाने भरून येत होते. पण काच बडवणारे तेच लोक तिच्या नावाने ओरडत होते. क्वालालंपूरला आम्ही एका गोलने हरवलं. बँकॉककडून हरलो, पण थोडक्यात. मॅनेजरबाईचा मुलगा शेवटी सगळ्या टीमसोबत येऊन तिच्या हेल्मेटवर टपली मारून गेला, गोलकीपरला शाबासकी देतात तशी. ती हसत होती. इतके आठवडे मी तिला हसताना बघितलं नव्हतं, आणि तरी मला आनंद झाला नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. पुढच्या सीटांवर मुलं गाणी म्हणत होती. मला राहवलं नाही, मी विचारलंच. "तू का म्हणालीस मारलं? खरं का नाही सांगितलंस? तो मुलगासुद्धा तुझ्या बाजूने होता."

"आई, मी खेळले ना?"

"खेळलीस. पण तू नमस्कार केला होतास. त्याची कोणी माफी मागतं का?"

ती चिप्सचं पाकीट फोडत होती. पाकीट फुटलं. मग म्हणाली, "हिट म्हटलं की सगळ्यांना कळतं. हॉकीत सगळेच हिट करतात. सॉरी म्हणायचं, फिनिश. नमस्काराचं सांगितलं असतं तर सगळे नाइस झाले असते. आंट्या पण. 'ओह, सो स्वीट, शो अस अगेन.' मग मी कायम तीच. द गर्ल हू डज दॅट. गोलकीपर नाही." तिने एक चिप तोंडात टाकली. "मारकुटी इज बेटर, आई. मारकुट्या मुलीला परत टीममध्ये घेतात."

मारकुटी हा शब्द ती माझ्याकडूनच शिकली होती. मी जिन्याजवळ तो ओरडले तेव्हा तिने ऐकलं असणार.

"मग तू आता ते करणार नाहीस?" मी विचारलं. "पाय लागला तर?"

"मी प्रॅक्टिस केली," ती म्हणाली. "बेंचवर होते ना. पाय लागला तरी हात न्यायचा नाही. फर्स्टला हार्ड होतं. आता नाही जात." आणि तिने पाकीट माझ्यापुढे धरलं.

मॅनेजरबाई आमच्या पुढच्याच रांगेत बसली होती. मराठी तिला समजत होतं, प्रत्येक शब्द समजला असणार, पण तिने मान वळवली नाही. हेच सगळं तिने म्हटलं असतं तर मी बस थांबवून तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं. वाक्यं माझ्याकडे तयार होती, जातानाच मांडून ठेवलेली. पण बोलणारी माझी मुलगी होती, आणि ती पाकीट तसंच धरून मी चिप्स घेण्याची वाट बघत होती.